कापड जाड नको, पट्टा बुडाखालून हवा

पाऊस ओसरला की शिवणवर्गात आणि फोनवर तेच तीन प्रश्न येऊ लागतात. ‘मिलिटरीसारखी दणकट पिशवी शिवायची आहे, सगळ्यांत जाड कॅनव्हास कुठे मिळेल?’ ‘घरच्या मशीनवर जमेल का?’ आणि ‘ते मिलिटरीच्या हिरव्या ठिपक्यांचं कापड वापरलं तर पोलीस धरतील का?’ तिन्हींची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

पहिल्या प्रश्नात मुळातच गडबड आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी फौजांकडे १९३७ च्या धाटणीची जी छोटी हॅवरसॅक असे, तिच्यासारखी एखादी जुनी पिशवी कधी हाताळायला मिळाली, तर कापडाकडे पाहू नका, जोड पाहा. चेन नाही, अस्तर नाही. झाकण लांब. कडांना गोट. पट्टा जिथे अंगाला भिडतो तिथे चौकोनात फुली मारलेली शिवण. माझ्याकडे डिस्पोजलच्या मालातून आलेली एक खांद्यावरची पिशवी आहे. तिचं कापड कोपऱ्यांत झिजून भोकं पडली आहेत, रंग कधीच उडाला, पण पट्ट्याचा एक टाका हललेला नाही. आपल्या पिशव्या याच्या बरोबर उलट मरतात. कापड नवंकोरं असतं आणि पट्टा कापडासकट उपटून हातात येतो.

म्हणून पुढे जे सांगते आहे त्याचा रोख एवढाच: ओझं कापडाने नव्हे, पट्ट्याने उचललं पाहिजे. पट्टा एका बाजूने खाली उतरून बुडाखालून जाऊन दुसऱ्या बाजूने वर आला, की कापडाचं काम फक्त सामान आत ठेवण्याचं उरतं. मग मध्यम जाडीचं कापड पुरतं, आणि मध्यम जाडीचं कापड घरच्या मशीनवर शिवता येतं.

कापड घेताना

दुकानात गेलात की तीन वेगवेगळ्या भाषा कानावर पडतील, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

- औंस: एक चौरस वार कापडाचं वजन. आकडा मोठा तितकं कापड जाड.
- जीएसएम: एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. १ औंस म्हणजे सुमारे ३४ जीएसएम. म्हणजे १२ औंस साधारण ४०० आणि १६ औंस साधारण ५४०.
- नंबर: हे उलटं चालतं. १२ नंबरचं कॅनव्हास साडेअकरा औंसांच्या आसपास, १० नंबरचं १५ च्या जवळ, ८ नंबरचं १८. ‘आठ नंबर म्हणजे हलकं असेल’ असं समजून घेतलंत, तर घरी तंबू येईल.

खांद्यावरच्या पिशवीसाठी १२ औंस घ्या. डबा, छत्री, पुस्तकं, लॅपटॉप यांना ते पुरतं. रोज अवजारं वाहायची असतील तरच १४-१५ औंसांकडे जा. १८ औंसांचा मोह मी एकदा केला होता. पिशवी झाली, पण रिकामी असतानाच खांदा दुखायला लागला आणि मशीनची सुई जितक्या वेळा मोडली तितका त्या पिशवीचा पुढे वापरही झाला नाही.

जाडीपेक्षा विणीकडे लक्ष द्या. कापड उजेडासमोर धरा. धाग्यांमधून प्रकाशाचे ठिपके दिसले तर वीण विरळ आहे. मग एक कोपरा दोन्ही हातांत धरून चांगला चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं, तर तुम्ही कापडाचे नव्हे, खळीचे पैसे देत आहात. पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी होते. रंगीत कापड असेल तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासा. रुमालावर उतरलेला रंग उद्या घामाने तुमच्या सदऱ्यावर उतरणार आहे. मीठ-व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं दुकानदार सांगेल, त्यावर विसंबू नका.

पुण्यात रविवार पेठ आणि तिथली बोहरी आळी, मुंबईत कापडासाठी मंगळदास मार्केट या ओळखीच्या जागा. गावात ताडपत्री आणि तंबूचं काम करणारं कुणी असेल, तर आधी तिथे विचारा. त्यांच्याकडे ठाणातले उरलेले तुकडे असतात आणि एका पिशवीला तेवढं पुरतं.

यादी

- १२ औंस सुती कॅनव्हास, दीड मीटर. ३६ इंची पन्हा असला तरी पुरतं.
- दीड इंच रुंद सुती नवार, पावणेतीन मीटर. हीच ती पलंगाची नवार, फक्त घट्ट विणीची घ्या. नायलॉनची घेतलीत तर खांद्यावरून घसरते आणि कडीतही सरकते.
- झाकणासाठी एक इंची नवार, पाऊण मीटर.
- गोटासाठी एक इंची सुती टेप, साडेतीन मीटर.
- दीड इंची चौकोनी कडी एक, आणि मधे दांडी असलेली त्याच मापाची कडी एक. दुसरीने पट्टा लांब-आखूड होतो.
- झाकणाला एक इंची बकलं दोन.
- पॉलिएस्टरचा जाड धागा. धाग्याचा नंबरही उलटा चालतो: १२० नंबर शर्टाचा, बारीक. तुम्हाला ४० ते ६० मधला हवा. सुती धागा दिसायला छान, पण ओल धरून कुजतो.
- सुया: १०० किंवा ११० नंबर, जीन्सच्या. चार तरी आणा. घरगुती आणि कारखान्याच्या मशीनच्या सुया वेगळ्या असतात, तेव्हा जुनी सुई बरोबर घेऊन जा.

कड्या-बकलं पितळेची मिळाली तर उत्तम. पिवळा मुलामा दिलेल्या लोखंडाला कोकणातल्या आणि मुंबईच्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो आणि तो डाग कापडातून निघत नाही. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर ते पितळ नव्हे.

यादीत चेन नाही आणि वेल्क्रोही नाही, हे मुद्दाम. चेन हा पिशवीचा सगळ्यांत आधी बिघडणारा अवयव. वेल्क्रो वर्षभरात केस-धागे गोळा करून निकामी होतो, शिवाय ग्रंथालयात पिशवी उघडलीत तर सगळे वळून बघतात.

धुतल्याशिवाय कातरी लावू नका

कोरं सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात शंभरात पाच ते दहा आकसतं, आणि उभ्या-आडव्या धाग्यांत सारखं आकसत नाही. आधी शिवून नंतर धुतलीत तर झाकण तिरकं होतं. कापड एकदा गरम पाण्यातून काढा, न पिळता उभं वाळत घाला, अर्धवट ओलं असतानाच कडक इस्त्री करा. कॅनव्हासवर पडलेली सुरकुती हट्टी असते, पूर्ण वाळल्यावर इस्त्रीला दाद देत नाही. नवारही भिजवून वाळवा. ती विसरली जाते, मग पट्टा आकसून बूड चुण्या धरतं.

मशीन चालेल का?

तुमच्याकडे आजीचं काळं लोखंडी पायमशीन असेल तर निश्चिंत राहा. सरळ टीप मारण्यात त्याचा हात आजच्या कित्येक नव्या मशीनना धरता येत नाही. नवं हलकं, प्लॅस्टिकच्या अंगाचं मशीन असेल तरी १२ औंसांचे तीन-चार थर जातात, फक्त घाई करू नका. खाली जी रचना दिली आहे तीत कुठेही याहून फार जाड थर येणार नाहीत, असं बेतलं आहे.

शिवायला बसण्यापूर्वी उरलेल्या तुकड्यावर चार थर ठेवून वीतभर टीप मारा आणि पाहा.

- टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे इंचाला सहा-सात टाके. बारीक टाके म्हणजे मजबुती हा शर्टाचा नियम झाला. कॅनव्हासवर ते टपाल तिकिटासारखी भोकं पाडतात आणि कापड त्याच रेषेवर फाटतं.
- खालच्या बाजूला धाग्याचे फास दिसले तर वरचा ताण वाढवा. बॉबिनमध्येही तोच जाड धागा भरा.
- जाड जोडावर प्रेसर फूट तिरका होऊन टाके अडत असतील, तर त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकवा. फूट सपाट झाला की मशीन चालतं.
- तरी अडलंच तर पाय काढा आणि चाक हाताने फिरवा.
- जोड फुगला असेल तर त्यावर फडकं ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने दोन-चार ठोके द्या. शिवणीच्या रेषेवर मेणबत्ती घासली तर सुई सहज उतरते.

टाचण्या लावू नका. कॅनव्हासला पडलेलं भोक बुजत नाही आणि टाचणी वाकते ती वेगळीच. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम.

मशीनने हातच वर केले, तर कापून, खुणा करून सगळं घेऊन सीटकव्हर शिवणाऱ्याकडे किंवा बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. त्यांच्या जड मशीनवर हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याबद्दल पुढे आणखी सांगते. हाताने शिवायचं असेल तर चांभाराची आरी आणि दोन सुया: आधी भोक, मग त्याच भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई. एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. पट्ट्याच्या फुल्या तरी अशा हाताने घालून बघा, मशीनपेक्षा टिकतात.

माप आणि कापणी

तयार पिशवी १३ इंच रुंद, ११ इंच उंच, ४ इंच खोल. चारच तुकडे. लांबी नेहमी उभ्या धाग्यात, म्हणजे काठाला समांतर धरा.

- पाठ आणि झाकण, एकसंध: १४ × २४ इंच. पाठीचे ११, वरचे ४, पुढे उतरणारे ८, बाकी शिवणीला. वर जोड नाही म्हणून पाऊस आत शिरायला वाट नाही.
- समोरचा भाग: १४ × १३ इंच. वरचा दीड इंच दुमडीचा.
- कडेची पट्टी: ५ × ४५ इंच. एका बाजूने उतरून बुडाखालून दुसऱ्या बाजूने चढणारी, सलग. दोन्ही टोकं पिशवीच्या काठाच्या वर चार-पाच इंच उरतात. ते ‘कान’ झाकणाखाली आत दुमडतात आणि कोपऱ्यांतून येणारं पाणी अडवतात.
- बुडाचा दुहेरी थर: ५ × १५ इंच.

खिसा हवा तर उरलेल्या कापडातून १० × ९ इंचांचा काढा. शिवायचा तो समोरच्या भागावर, बाहेरून, झाकणाखाली झाकला जाईल असा. आतले कप्पे करत बसू नका. सैन्याच्या पिशवीतही खाण्याचं टिन आणि पाण्याची बाटली यांपुरती फाळणी असे, आपल्याइतके मोबाइल-पेन-किल्ल्या असे खण नसत. प्रत्येक खण म्हणजे कापड भेदणारी एक जादा शिवण.

समोरच्या भागाचे खालचे दोन कोपरे, पाठीचे खालचे दोन आणि झाकणाचे दोन, असे सहा कोपरे चहाचा कप उपडा ठेवून गोल कापा. काटकोनी कोपऱ्यावर गोट वळवणं हा पहिल्या पिशवीचा विषय नव्हे.

शिवण्याचा क्रम

क्रम बदलू नका. निम्म्या चुका तिथेच होतात, कारण पिशवी एकदा उभी राहिली की तिच्या पोटात मशीनचा फूट शिरत नाही.

१. कडेच्या पट्टीचा बरोबर मध्य काढून खूण करा. बुडाचा दुहेरी थर तिथे मध्यावर ठेवून चारही कडांनी टीप मारा.

२. मध्यापासून दोन्हीकडे १७ इंचांवर खुणा करा. पिशवीचा वरचा काठ तिथे येणार आहे. त्याच्या वरचा भाग म्हणजे कान. खुणेपाशी दोन्ही कडांना अर्धा इंच काप देऊन कानाच्या तिन्ही कडा आत दुमडून शिवा.

३. आता पट्टा. दीड इंची नवार पट्टीच्या मधोमध, सुलट बाजूवर ठेवा. तिचं एक टोक डाव्या खुणेच्या वर चार इंच जाऊ द्या, तिथे चौकोनी कडी येईल. दुसरं टोक उजवीकडून जितकं उरेल तितकं लांब राहू द्या, तो खांद्याचा पट्टा. नवारीच्या दोन्ही काठांपासून एक सूत आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन टिपा. दोन्हीकडे १६ इंचांवर थांबा आणि तिथे दीड इंचाचा चौकोन शिवून आत फुली मारा, दोनदा. सगळ्या पिशवीत मन लावून शिवायची जागा हीच. फुलीचा टाका वाकडा पडला तर चालेल, सुटा राहिलेला चालणार नाही.

४. समोरच्या भागाची वरची दुमड अर्धा आणि एक इंच अशी घालून शिवा. खिसा लावा. बकलं तळापासून अडीच इंच वर आणि दोन्ही कडांपासून तीन इंच आत, छोट्या नवारीच्या तुकड्यांत अडकवून लावा. आतल्या बाजूला कॅनव्हासचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवून त्यातूनच टीप न्या, नाहीतर वर्षभरात तिथे चीर पडते.

५. झाकणावर एक इंची पट्टे दोन, प्रत्येकी सुमारे १० इंच. वरचे पाच इंच झाकणावर शिवलेले, खालचे मोकळे. जागा आधी बकलांवर धरून जुळवा. दोन पट्टे कलते दिसले तर पिशवी कितीही भक्कम असो, नवशिकी दिसते.

६. आता जोडणी, आणि इथे नेहमीची सवय मोडायची आहे. आपण सुलट बाजू आत ठेवून शिवतो आणि मग उलटवतो. कॅनव्हासची पिशवी उलटवताना कुस्ती होते आणि कोपरे कधीच पूर्ण बाहेर येत नाहीत. त्यामुळे शिवण बाहेर ठेवा. दोन्ही कापडांची उलट बाजू उलट बाजूला लावा. पट्टीचा मध्य समोरच्या भागाच्या तळमध्यावर चिमट्याने धरा आणि तिथून दोन्हीकडे वर चढत चला. गोलाईवर पट्टीच्या कडेला दोन-दोन सुतांचे तीन-चार काप द्या, ती वळेल. अर्ध्या इंचावर एक टीप, तिच्या बाहेर एक सूत सोडून दुसरी. समोर संपल्यावर पाठ तशीच. दोन्हीकडचं वरचं टोक पाव इंचाने पुढेमागे आलं तर चिंता नको, काठावर जुळवून घ्या.

७. जोडलेल्या कडा तीन सुतांपर्यंत छाटा. झाकणाची कड मात्र छाटू नका. झाकणाच्या भागाला शिवण नाही, त्यामुळे ते अंगापेक्षा इंचभर रुंद राहतं आणि भरलेल्या पिशवीवरही दोन्ही बाजूंनी पुरतं. ही रुंदी फुकट मिळालेली आहे, ती कापून टाकणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात.

८. गोट. टेप मधोमध दुमडून इस्त्री करा, कडा तिच्यात घाला आणि दोन्ही बाजू एकाच टिपेत पकडल्या जातील अशी शिवा. पाठीचा गोट तळमध्यापासून सुरू करून वर, झाकणाभोवती फिरून पुन्हा तळमध्यावर. समोरचा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. खालची बाजू सुटते की काय ते दर वीतभराने उलटून पाहा. सुटलीच तर उसवू नका. सुटलेल्या जागेवर हाताने धावदोरा घाला.

९. डाव्या टोकात चौकोनी कडी अडकवून नवार दुमडा आणि चौकोन-फुली घाला. लांब पट्टा दांडीच्या कडीतून, मग चौकोनी कडीतून, मग परत दांडीभोवती नेऊन शिवा. टोक दोनदा आत दुमडून घ्या. नवारीचं उघडं टोक उसवतं.

पहिल्या पिशवीला दोन सुट्या धरा. भीती वाटत असेल तर आधी याच मापाची मांजरपाटाची शिवून बघा. कापड स्वस्त जातं आणि क्रम हाताखालून जातो.

पाण्यापासून

घट्ट विणीचं सुती कॅनव्हास भिजलं की धागे फुगून भोकं बुजतात, त्यामुळे सरीत दहा मिनिटं ते तसंही निभावतं. लोकलच्या दारात उभं राहून जाणाऱ्यांना त्याहून जास्त लागतं. दोन रस्ते आहेत.

मेण: मधमाशीचं मेण आणि पॅराफिन निम्मं-निम्मं एकत्र वितळवून वडी पाडा. भांडं थेट आचेवर कधीही ठेवू नका, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवा. मेणाची वाफ पेट घेते. वडी शिवून झालेल्या पिशवीवर घासा आणि केस वाळवायच्या ड्रायरने तापवून आत जिरवा. शिवणींवर दोनदा. पिशवीला मेणकापडाचा जुनाट देखणेपणा येतो. तोटे दोन: पुढे ती मशीनमध्ये धुता येत नाही, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बंद गाडीत ठेवलीत तर मेण मऊ पडून कपड्यांना लागतं. त्या बाजूच्या वाचकांनी पॅराफिन कमी आणि मधमाशीचं मेण जास्त घ्यावं.

साबण आणि तुरटी: जुनी आणि स्वस्त पद्धत. लिटरभर कोमट पाण्यात साधारण ६० ग्रॅम साबण किसून विरघळवा, पिशवी त्यात पूर्ण भिजवून न धुता वाळवा. मग लिटरला १५ ग्रॅम तुरटी घातलेल्या पाण्यात काही तास बुडवून पुन्हा वाळवा. साबण आणि तुरटी मिळून धाग्यांत न विरघळणारा थर बसतो, आणि पिशवीचं वजन वाढत नाही. साबण खराच हवा. दुकानात साबण म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वड्या डिटर्जंटच्या असतात, त्यांनी काहीच होत नाही. पाणी बोअरचं जड असेल तर साबण आधीच फाटतो, पावसाचं धरून ठेवा.

काहीही केलंत तरी ओली पिशवी कपाटात गेली की बुरशी येणार. तिच्यावर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

रंग, ठिपके आणि कायदा

खाकी, मेंदी, मातकट हिरवा हे रंग कुणाच्या मालकीचे नाहीत. खाकी शब्दच मुळात धुळीच्या रंगाचा, फारसी ‘खाक’पासून आलेला. पिशवीचा जुना घाटही खुशाल वापरा. आपल्याकडे डिझाइन कायदा २००० नुसार नोंदलेल्या डिझाइनचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं टिकतं, तेव्हा ऐंशी वर्षांपूर्वीच्या हॅवरसॅकसारखी पिशवी शिवून विकलीत तरी अडचण नाही. बाजारातल्या एखाद्या चालू कंपनीच्या पिशवीची हुबेहूब नक्कल किंवा तिचं बोधचिन्ह, हे मात्र वेगळं प्रकरण.

ठिपक्यांच्या कापडाबद्दल माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

- भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंद झालेली आहे. ते कापड परवानगीशिवाय बनवून विकणाऱ्याला दावा अंगावर घ्यावा लागू शकतो. तसं कापड कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून देत असेल तर तिथून निघा.
- भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकासारखा वेश करणं किंवा खूण वागवणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साध्या हिरव्या पिशवीने हा गुन्हा होत नाही, इथे हेतू महत्त्वाचा. पण रेजिमेंटचं चिन्ह, हुद्द्याच्या फिती, ‘आर्मी’ अशी अक्षरं तिच्यावर लावून प्रश्न ओढवून घेण्याची गरज काय?
- परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बार्बेडोस, जमैका यांसारख्या काही देशांत सामान्य माणसाने सैनिकी नक्षीचं काहीही वापरायला बंदी आहे. तिथे लहान मुलाचं दप्तरही सुटत नाही.

एकरंगी पिशवी जास्त दिवस नवी दिसते, हे आणखी एक कारण. ठिपके विटले की कळकट दिसतात. खाकी विटली की शोभते.

दुसऱ्याकडून शिवून घेताना

सीटकव्हरवाल्याला ‘मिलिटरीसारखी शिवा’ एवढंच सांगितलंत तर तो त्याच्या मनातली मिलिटरी शिवेल. त्यापेक्षा:

- चार तुकडे कापून, खुणा करून, क्रमांक घालून न्या. पट्टा बुडाखालून सलग हवा हे कागदावर चित्र काढून दाखवा. बहुतेक कारागीर वेळ वाचवायला पट्टा वरच कापून टाचतात.
- मजुरी आणि दिवस आधी ठरवा, धागा कुणाचा तेही. जाड धागा तुम्हीच न्या.
- कापडाचं बिल घ्या आणि त्यावर औंस किंवा जीएसएम आणि ‘सुती’ हे शब्द लिहून घ्या. सुती सांगून मिसळीचं कापड दिलं असेल तर तक्रारीला तेच बिल कामी येतं. शंका असेल तर चार धागे काढून जाळून पाहा. सुताची मऊ राख होते, पॉलिएस्टरची कडक गाठ. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

वापरण्याआधी एक रात्र

पिशवी तयार झाली की लगेच मिरवू नका. लिटर-लिटरच्या आठ बाटल्या पाण्याने भरून तिच्यात ठेवा, म्हणजे आठ किलो झाले. पट्टा पूर्ण लांब करून दाराच्या भक्कम कडीला किंवा झोपाळ्याच्या हुकाला रात्रभर टांगा. सकाळी आधी दोन्ही फुल्या पाहा, मग चौकोनी कडीची दुमड, मग बुडाच्या गोलाईवरचा गोट. फुलीपाशी कापड ओढून भोकं लांबट झाली असतील तर पट्ट्याच्या दोन टिपा बुडाखाली कुठेतरी सुटल्या आहेत. बाटल्या काढा, पिशवी उपडी घाला आणि ती जागा शोधून शिवा.